माहिती देणाऱ्याचे नाव

पुण्याच्या बाई फोनवर म्हणाल्या, अठरा हजार.
तीन बैठका, रिपोर्ट इंग्रजीत.
मी विचारलं, मराठीत घेतला तर कमी होतील का?
त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

उदगीरला वजनकाट्यावर बसते मी, एकोणीस वर्षं.
आधी भरलेला ट्रक, मग रिकामा ट्रक,
वजा करायचं, पावती फाडायची.
ट्रकशी बोलावं लागत नाही.
अठरा हजार म्हणजे माझे दोन पगार
आणि वर बाराशे.

लातूरच्या सरकारी दवाखान्यात
केसपेपर वीस रुपयांना.
पेशंटचं नाव?
रत्नमाला बिरादार.
वय?
त्रेचाळीस.
लेकराचं विचारलं, बाई.
लेकरू नाही. मीच आहे.
त्यानं त्रेचाळीस खोडलं
आणि शेजारी पुन्हा त्रेचाळीस लिहिलं.

त्या मॅडम मंगळवारी बसतात, फक्त मंगळवारी.
पहिल्या मंगळवारी शिबिराला गेल्या होत्या.
दुसऱ्या मंगळवारी पंख्याची टकटक
चारशे बारापर्यंत मोजली, तेव्हा नंबर आला.
मॅडम तरुण, डोळ्यांत रात्रपाळी.
मोठ्या माणसांचं इथं फारसं कुणी येत नाही, म्हणाल्या,
फॉर्म लहान मुलांचाच आहे.
'आपले मूल' वर रेघ मारून
त्यांनी वर लिहिलं: आपण.
आपण इतर मुलांसोबत खेळता का?
म्हटलं, काट्यावर इतर मुलं नसतात.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
मला वाटलं, झालं, आता घरी पाठवतात.

शेवटच्या पानावर एक ओळ कोरी राहिली:
माहिती देणाऱ्याचे नाव व नाते.
लहानपणीचं सांगणारं कुणीतरी लागतं.
आई नाही. दादाला फोन केला.
तू घुमी होतीस, म्हणाला, दुसरं काय सांगू?
घुमी.
सात वर्षं एका घरात वाढलो,
आणि पावतीवर एवढंच.

तिसऱ्या मंगळवारी खैरुन्निसा खाला आली,
शेजारची, गोधड्या शिवणारी.
माझं तिकीट अर्धं, तिचं पंचाहत्तरीमुळं शून्य.
कंडक्टरला कार्ड अशा थाटात दाखवलं,
जशी एसटी तिच्या माहेरची.

खुर्चीवर मांडी घालून बसली आणि सुरू झाली.
चार साल तक बोलीच नै ये.
बोली तो सीधा ट्रक का नंबर बोली.
चिंचोके रांगेत मांडायची अंगणात,
सावली सरकली की अख्खी रांग सरकवायची.
बँड आला की माझ्या गोधड्यांच्या ढिगात शिरायची.
मी वरून आणखी दोन टाकायची,
कुणी शोधत आलं तर सांगायची, इधर नै आई.

हे मला माहीत नव्हतं.
वजन आठवत होतं. अंगावरचं, चांगलं वाटणारं वजन.
ते कुणी टाकलं होतं, ते नाही.

कागदावर शिक्का बसला. स्वमग्नता.
शब्द मला पटला नाही, तसं सांगितलं.
मी स्वतःत कुठं असते?
मी या ट्यूबलाइटच्या गुणगुणीत असते,
दारातल्या उलट्या चपलेत,
तुमच्या पेनाच्या टोपणावरच्या दातखुणांत.
मॅडमनी टोपण खिशात घातलं.
शब्द सरकारी आहे, म्हणाल्या,
घरी दुसरा ठेवा.

परतीच्या गाडीत खालानं विचारलं, गोली दी क्या?
गोळी नसते याला.
सुई?
नसते.
फिर दिया क्या?
कागद.
कितने का पडा?
बाराशे पन्नास. तीन खाडे आणि तुझा चहा धरून.
ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
मेरेकू पूछती तो फुकट में बताती, म्हणाली.

नळेगाव मागं पडलं.
समोरून ट्रक येत होते, सोयाबीन भरलेले.
मी नंबर वाचत गेले, मोठ्यानं,
पुढच्या सीटवरचा माणूस दोनदा वळून बघेपर्यंत,
आणि त्यानंतरही.
खाला झोपेत हूं हूं म्हणत होती,
एखादा चुकला की डोळे न उघडता थांबायची.